इथेनॉलचा ऊस आणि आमच्याकडची जनावरं

आमच्या भावोजींचं गणित सरळ आहे. आमच्या गोव्यातला धारबांदोड्याचा साखर कारखाना बंद पडून वर्षं लोटली, पण तिथे इथेनॉल प्रकल्प येणार ही चर्चा थांबत नाही. तो आला की वरच्या तुकड्यात पुन्हा ऊस लावायचा. "वहिनी, आता साखरेच्या भावाची चिंताच नाही. पेट्रोलात मिसळायला 20 टक्के इथेनॉल सरकारला हवंच आहे."

तेही खरंच. 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, 2022 मध्ये ते 2025-26 वर ओढून आणलं. (आपण गोंयकार काजूच्या बोंडूपासून गाळलेलं पोटात घालतो, गाडीत नाही, तेवढाच फरक.)

माझी हरकत पैशांना नाही. आमच्याकडे ऊस होता तेव्हा शेतात कोण यायचं, ते मी पाहिलंय.

ऊस जवळजवळ वर्षभर उभा. माणसाहून उंच, आत दाट आणि गार. रानडुकराला खाणं आणि लपणं एकाच जागी मिळतं. कोल्हेही ऊस चघळतात. गवे रात्री कडेने शिरतात, खातात त्याहून जास्त तुडवतात. आणि डुकरं, कुत्री असली की मागोमाग बिबटा आलाच. महाराष्ट्रात जुन्नर, अकोले भागात बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात, जंगल नसलेल्या भरवस्तीच्या शिवारात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले होते.

मग तोडणी येते. वर्षभराचा आडोसा बघता बघता जातो. फडात बिबट्याची पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती त्याच जागी ठेवून रात्री आईची वाट बघतात. रानमांजराच्या पिल्लांसाठी कोण थांबतो? आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं, तर मुंगूस, धामण यांना निघायलाही वेळ मिळत नाही.

"म्हणजे उसाने जनावरं वाढतातच की!" भावोजी हसून म्हणाले.

वाढतात, पण ती आपल्याशी भांडणारी. खालच्या अंगाला आमचं भात आहे. पहिल्या पावसात तिथे बेडूक, खेकडे. त्यांच्यामागे बगळे, पाणकोंबड्या, खंड्या. कणसं भरली की मुनियांचे थवे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, धनेश येतो, शेकरूही दिसतं. उद्या इथेनॉलला भाव आहे म्हणून भाताची जमीनही उसाखाली गेली, तर यांतलं कुणी नुकसानभरपाई मागायला येणार नाही, आणि वर्तमानपत्रात बातमीही येणार नाही.

बाहेर हे होऊन गेलंय. अमेरिकेत 2007 च्या कायद्याने इथेनॉलची सक्ती वाढवली, मक्याचे भाव चढले, आणि 2008 ते 2012 या काळात तिथे सुमारे 70 लाख एकर न नांगरलेली जमीन नांगराखाली आली. त्यात बहुतेक गवताळ माळ, म्हणजे माळावरच्या पक्ष्यांची आणि बदकांची घरटी घालायची जागा. इंडोनेशियात पामतेल डिझेलमध्ये जातं आणि पामच्या बागांनी ओरांगउटानचं रान खाल्लं. आपल्याकडे 2003 नंतर डिझेलसाठी मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) गाजावाजा झाला. पीक फसलं म्हणून सुटलो. ते लावायचं होतं "पडीक" जमिनीवर, आणि कागदावर आपला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठारसुद्धा, पडीकच ठरतो. पावसाळ्यात तिथे जाऊन बघा: दवबिंदू, सीतेची आसवं ही कीटक खाणारी झाडं, आणि दगडांत अंडी घालणारी टिटवी तर पावसाआधीच ओरडून अंगावर येते.

म्हणून भावोजींना मी नाही म्हटलेलं नाही, अटी घातल्यात. ऊस फक्त वरच्या तुकड्यात, जिथे तो आधीही होता. भाताला हात नाही, सड्याला तर नाहीच. तोडणी घराकडून सुरू करायची, ओहोळाकडची बाजू शेवटी, म्हणजे आत जे असेल ते रानाकडे निघून जाईल. पाचट जाळायचं नाही, सरीतच कुजू द्यायचं.

पहिल्या तीन अटी त्यांना मान्य आहेत. चौथीवर घोडं अडलंय. तोडणीच्या टोळीला टनावर पैसे मिळतात, न जाळता पाला हाताने साफ करण्यात वेळ गेला की त्यांची मजुरी बुडते. वेगळे पैसे द्यावे लागतील, आणि ते कुणी द्यायचे, यावर आमचं अजून जमलेलं नाही.