खोकं ठेवायचं कुठे

आईने चिडून विचारलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तिने माझ्या गेमिंग कॉम्प्युटरच्या कोटेशनचा कागद बाजूला सरकवत सहज विचारलं, "एवढं मोठं खोकं ट्रान्झिटमध्ये ठेवणार कुठे?" आणि कुकर लावायला गेली. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय. ट्रान्झिट म्हणजे आमची बिल्डिंग पाडून नवी होईपर्यंत राहायची तात्पुरती जागा.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचं म्हणणं होतं, बजेट कमी आहे तर एएम४ सॉकेटचं बोर्ड घ्या, त्यावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाका, वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड मोठं येईल. आजच्या आज खेळायचं असेल तर त्याचा हिशेब बरोबर आहे. पण मला एएम५च हवंय. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएम४ सॉकेट २०१६चं. २०१७च्या बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून लोकांनी २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला. बोर्ड तेच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदलला. एएम५ आलं २०२२ला आणि निदान २०२७पर्यंत ते चालू ठेवू असं हे प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने सांगितलंय. म्हणजे आज एएम५चं बी६५० बोर्ड आणि साधा रायझन ५ ७६०० घेतला तर पुढे मला वाट आहे.

हे 'पुढे'च आईला दिसत नाही. दिसणार कसं? या घरात रंग लागला नाही, फ्रीज बदलला नाही, कारण बिल्डिंग पडणार आहे. सगळं नव्या घरात घेऊ. मी शाळेत होते तेव्हापासून हे ऐकतेय. मी पहिल्यांदा काहीतरी पाच-सहा वर्षांच्या हिशेबाने घेतेय, स्वतःच्या पगारातून, तर त्यालाही जागेचाच प्रश्न. दादाला हे कुणी विचारलं नाही. तो तर... जाऊ दे.

खूप वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीचं इतकं वाटावं याचंही वाटलं.

रात्री टेप घेऊन बसले. मायक्रो-एटीएक्स या लहान आकाराच्या बोर्डाचं छोटं कॅबिनेट घेतलं तर ते टेबलाखाली सहज जातं. मोठ्या कॅबिनेटचा हट्ट सोडला, त्याने गेम काही वेगाने चालत नाही. मग एकेक पार्ट पुन्हा पाहिला. जे नंतर नुसतं काढून दुसरं लावता येतं ते आत्ता स्वस्तातलं चालेल. जे बदलायचं तर सगळं उचकटावं लागतं ते आधीच नीट घ्यायचं. म्हणून बोर्ड चांगलं, आणि पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, पुढच्या कार्डालाही पुरेल असा. रॅमची सध्या १६ जीबीची एकच स्टिक. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिकची जोडी, नसल्याने थोडे फ्रेम्स जातील, जाऊ देत. ८-८च्या दोन घेतल्या आणि बोर्डावर दोनच स्लॉट असले तर वाढवताना दोन्ही काढून विकाव्या लागतील. कार्ड ८ जीबीचं आरएक्स ७६००.

मॉनिटरवर मात्र बराच वेळ अडले. २४ इंची १०८०पी या कार्डाला अगदी जुळतो आणि बराच स्वस्त पडतो. २७ इंची १४४०पी घेतला तर कार्डाला जवळपास पावणेदोन पट पिक्सेल ओढावे लागतील, नवीन जड गेम सेटिंग उतरवून आणि एफएसआर, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवायची सोय, लावूनच चालतील. तरी मी तोच घेणार. प्रोसेसर बदलेल, कार्ड बदलेल, मॉनिटर तोच राहील. शिवाय तो भिंतीला टांगता येतो, आणि भिंत तर कुठल्याही खोलीला असते.

आधी भाड्याची खोली बघू, मग सामान घेऊ, असं आई उद्या म्हणेलच. तिचंही बरोबर आहे. तिने किती वर्षं हेच केलंय, आणि तिला कधी... नको. पण माझ्याने आता थांबवत नाही. पगार झाला की शनिवारी पहिल्यांदा मॉनिटर आणि बोर्ड. कार्ड महिनाभर थांबेल. रायझन ७६०० प्रोसेसरमध्ये नावापुरतं का होईना, स्वतःचं ग्राफिक्स आहे, तोवर जुने हलके गेम चालतील.