निळ्या ड्रमचं खुराडं: आतलं पाणी कुठून येतंय ते शेवटी सापडलं

मंडळी, खुशखबर. पाऊस लागल्यापासून ड्रमच्या आत रोज सकाळी जे पाणी दिसत होतं ते गळतीचं नाहीच, कोंबड्यांचंच आहे. श्वासाचं आणि शिटेचं.

सेटअप बहुतेकांना माहितीये, दोनशे लिटरचे दोन ड्रम आडवे, तोंडाला तोंड लावून बोल्ट केलेले, एका टोकाला दार, आत तुसाची गादी, सहा गावरान. जुनं लाकडी खुराडं पिसवांनी भरलं म्हणून प्लास्टिककडे वळलो आणि त्या बाबतीत अजूनही एकदम खूश आहे, फळ्यांच्या फटीच नाहीत तर लपणार कुठे, पाईप मारला की स्वच्छ, पिसवा औषधालाही सापडत नाहीत.

पण हे पाणी! गादीच्या कडा भिजून तुसाचे गोळे, आणि दार उघडलं की नाकात जाणारा तो वास. ज्याला विचारावं तो म्हणे जॉइंट गळतोय, सिलिकॉन मार. हार्डवेअरवाला तर म्हणाला, "साहेब, हे सगळ्याला चिकटतं." ड्रमच्या कापलेल्या तुकड्यावर लावून बघितलं, वाळल्यावर नखाने अख्खी पट्टी निघून हातात आली. एचडीपीईला (हे ड्रम ज्या प्लास्टिकचे असतात ते) सिलिकॉन धरत नाही, कुठल्याही ब्रँडचं आणा. ट्यूबवर पैसे घालवू नका.

मला शंका आली ती ओल कुठे आहे ते बघून. जॉइंट गळत असता तर जॉइंटखाली भिजलं असतं, इथे मधली गादी कोरडी आणि दोन्ही बाजूच्या कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या ओल्या. वर हात फिरवला तर बारीक थेंब, बोल्टच्या डोक्यांवर जरा मोठे. ड्रम गोल असल्यामुळे थेंब मधोमध न पडता भिंतीवरून ओघळत कडेला उतरतात. मग एका रात्री सगळ्यांना पडवीत डालग्यांखाली ठेवलं आणि ड्रम रिकामा बंद करून टाकला. रात्रभर असा कोसळला की विचारू नका (आमच्याकडे देवरुखात जुलै म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको) आणि सकाळी ड्रम आतून कोरडा ठणठणीत! एवढा आनंद मला पहिलं अंडं मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, अंगातली वाफ श्वासावाटे टाकते, शीट पण बहुतांश पाणीच. आतली हवा ऊबदार आणि दमट, पातळ भिंत बाहेरून पावसाने गार, मग वाफ तिथे धरणारच. लाकूड किंवा जांभा चिरा थोडी ओल पिऊन घेतो, प्लास्टिक एक थेंबही पीत नाही. आई म्हणाली, "डालग्याखाली कधी पाणी बघितलंस का?" बरोबर आहे, बांबूच्या विणीतून हवा खेळते.

प्लास्टिक विषारी का, हा प्रश्न सगळे विचारतात, पण माझं मत आता असं झालंय की खरा धोका त्या प्लास्टिकात नाही, कोंडलेल्या हवेत आहे. ओली गादी म्हणजे अमोनिया, आणि तो कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर जास्त असतो, उभं राहून वास घेऊन काही कळत नाही, वाकून डोकं आत घाला. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांच्या श्वासनळीचं काय होत असेल बघा, मग सर्दी, खरखर, सीआरडी (कोंबड्यांचा श्वसनाचा जुनाट आजार). शिवाय ओल्या तुसात रक्ती हगवणीची भीती आहेच.

एकाने सुचवलं की आत बल्ब लाव, सुकेल. अजिबात नको. वाफ बाहेर जायला वाटच नसेल तर बल्बने फक्त हवा तापणार, आणि एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं, पिल्लांना ऊब देणारा अडीचशे वॅटचा ब्रूडर बल्ब ड्रममध्ये म्हणजे आगीलाच आमंत्रण. त्यात काही हीट बल्बवर टेफ्लॉनचं कोटिंग असतं, ते तापलं की निघणाऱ्या वायूने पक्षी पटापट मरतात. बल्ब घेताना खोक्यावर वाचा.

तर उपाय. आधी दोन्ही टोकांना वरच्या बाजूला भोकं पाडून जाळी मारली, फरक पडला पण तिरका पाऊस आत यायला लागला. मग डोक्यात आलं ते संडासाच्या व्हेंट पाईपचं! चार इंची पीव्हीसीचा तुकडा प्रत्येक ड्रमच्या माथ्यावर उभा बसवला आणि वर तीच नेहमीची टोपी. ऊबदार हवा वर निघून जाते, पाऊस आत येत नाही. फक्त खालून हवा आत यायला वाट पाहिजे, नाहीतर पाईप नुसता शोभेचा. म्हणून सध्या दाराच्या खालच्या पट्टीत अर्धा इंची वेल्डेड जाळी आहे. साधी षटकोनी कोंबडी जाळी इथे लावू नका, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक, मुंगूस बाहेर ठेवायला नाही.

आता सकाळी थेंब जवळजवळ नाहीत, दाराच्या उलट्या टोकाला अजून थोडे. आर्द्रतेचा स्वस्तातला मीटर आत ठेवलाय, पण बाहेरच नव्वदच्या वर असताना आत साठ दिसेल अशी आशा करू नका, आत-बाहेर आकडा सारखा आला की जिंकलो.

दुसरं टोक कोरडं करायला तिथेही जाळी कापणार होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की गादीच काढून टाकावी. शेळ्यांच्या शेडला प्लास्टिक स्लॅट (फटी असलेली जमीन) वापरतात ना, तशी ड्रमचा तळ कापून तिथे टाकली तर शीट खाली पडेल आणि अख्ख्या तळातून हवा येईल. स्लॅटखाली अर्धा इंची जाळी लावली तर शीट अडकून बंद होईल, म्हणून जाळी ड्रमच्या स्टँडच्या पायांभोवती परकरासारखी जमिनीपर्यंत, म्हणजे मुंगूस आणि घूस दोन्ही बाहेर. पिल्लांचे पाय मात्र स्लॅटच्या फटीत अडकतील, त्यांचं वेगळं बघावं लागेल. ठरलं, त्या टोकाच्या जाळीचं काम रद्द, आधी स्लॅट.

ड्रम कुठून आणू विचारणाऱ्यांसाठी: माझे कोकम आगळाचे आहेत, अजून वास येतो. भंगारवाले सगळेच ड्रम "फूड ग्रेड" म्हणून विकतात, लेबल खरवडलेला ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका, एचडीपीई पाणी पीत नसलं तरी केमिकल शोषून घेतं, धुऊन जात नाही. कापताना जिगसॉला लाकडाचं मोठ्या दातांचं पातं आणि स्पीड कमी, नाहीतर कापलेलं मागे वितळून परत चिकटतं. खाली ताडपत्री अंथरा, निळा चुरा कोंबड्या दाणे समजून टिपतात. कडांना ठिबकचा १६ एमएम पाईप उभा चिरून बसवलाय, पाय चिरत नाहीत, दिसतंही झकास. उन्हाळ्याआधी वर दुसरं छप्पर किंवा शेडनेट लागेलच, उन्हाने प्लास्टिक पांढरं पडून ठिसूळ झालं की त्याचे टवके पण त्यांच्या पोटातच जाणार.

स्लॅट कुणी रत्नागिरी, चिपळूण बाजूला सुट्या विकत घेतल्या असतील तर फटीचं माप मिलिमीटरमध्ये सांगा, गणपतीच्या आधी बसवायच्यात.