उरलेल्या चहाची कुल्फी होत नाही

मे महिन्यात माहेरी अकोल्याला गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या, बाहेर 44 अंश आणि घरात बाबांचा दिवसाला सहा वेळा चहा. कूलरसमोर खुर्ची, गळ्यात पंचा, कपाळावरून घाम गळतोय आणि हातात वाफाळता कप, आणि वर म्हणणार की गरम चहानेच अंगात गारवा येतो. यावर्षी आईने सरळ सांगितलं की दुपारी तीन वाजता मी काही गॅससमोर उभी राहणार नाही, ज्याला प्यायचाय त्याने मांडावा. त्यातनं माझ्या डोक्यात किडा वळवळला की सकाळीच चहा करून त्याची कुल्फी लावून ठेवली तर?

आता हे ऐकायला इतकं सोपं वाटतं ना, की मी काही विचारच केला नाही. पाहुणे येऊन गेले होते, गंजात तीन-चार कप चहा उरलेला होता, गाळून साच्यात ओतला, काड्या खोचल्या, फ्रीजरमध्ये. रात्री काढून बघितलं तर रंग एकदम झकास. भाच्याने एक जोरदार चोखा मारला आणि सगळा चहा त्याच्या तोंडात, माझ्या बघता बघता कांडीचं टोक पांढरंफटक. लहानपणी गारेगारवाल्याकडची लाल कांडी अशीच व्हायची आठवतंय का, दोनदा चोखलं की रंग गायब आणि उरलेला बर्फ दाताने फोडत बसायचं. कारण साधं आहे, गोठताना आधी पाणी पाणी बर्फ होतं आणि साखर, रंग, चव हे सगळं त्या बर्फाच्या फटींत जाऊन साचतं, आपण ओढलं की आधी तेच येतं. आपल्या रोजच्या चहात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मग दुसरं काय होणार! शिवाय तो चहा पत्तीवर अर्धा तास उभा होता त्यामुळे जीभ आखडेल इतका तुरट. आणि गोड तर लागतच नव्हता, जो चहा दुपारी गरम असताना आई म्हणाली होती "साखर जास्त झाली गं", तोच गोठल्यावर अगदी फिक्का, कारण थंडीने जिभेला गोडी कमीच कळते.

तर मुद्दा हा की कुल्फी करायची असेल तर चहा करायचाच नाही. दूध वेगळं आटवायचं आणि चहाचा काढा वेगळा करायचा, दोघांची भेट शेवटी. हे कळायला मला चार दिवस आणि अडीच लिटर दूध लागलं, तुमचं वाचावं म्हणून लिहितेय.

एक लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून निम्मं करायचं, पाऊण तास तरी जातो, बाजूला धरलेली साय डावाने खरवडून परत दुधातच ढकलायची, ती दाताखाली येते तेव्हा मजा येते. आच बंद करायच्या आधी अर्धी वाटी साखर, म्हणजे 100 ग्रॅमच्या आसपास, आणि दोन मोठे चमचे दूध पावडर थोड्या गार दुधात कालवून. पावडर उरलेलं पाणी धरून ठेवते म्हणून बर्फाचे खडे कमी होतात. साखरेत कंजुषी करू नका, ती फक्त गोडीसाठी नसते, साखर असली की सगळं पाणी दगडासारखं गोठत नाही आणि दात लागतो. कोमट असताना चाखून बघायचं, "अरे बापरे किती गोड" वाटलं पाहिजे, म्हणजे मग गोठल्यावर बरोबर लागतं. आणि चिमूटभर मीठ. हसू नका, घालून बघा.

काढा म्हणजे दीडशेएक मिली पाणी, त्यात ठेचलेलं आलं आधी चांगलं पाच मिनिटं उकळायचं (पाणी आटलं तर थोडं वाढवा), मग चार चहाचे चमचे शीग भरून पत्ती, दोन मिनिटं उकळी, झाकण, तीन मिनिटं, आणि गाळायचं. बस. आपली रोजची दाणेदार पत्ती, सीटीसी म्हणतात ती, यासाठी मस्त, यंत्रात चुरडून फाडून वळवलेली असल्यामुळे दोन मिनिटांतच सगळा रंग आणि कडकपणा सोडते. हे यंत्र आलं तेही आसाममध्ये, 1930 च्या दशकात, आणि मग आपल्या सगळ्यांच्या सकाळी तांबड्या झाल्या! गाळताना चमच्याने दाबून शेवटचा थेंब पिळायचा मोह होतो, अजिबात पिळू नका, सगळा तुरटपणा त्या शेवटच्या थेंबात असतो.

आल्याचं वेगळं सांगते कारण एक अख्खं लिटर त्यात गेलं. मी शहाणपणा करून कच्चं आलं थेट कोमट दुधात किसलं, चव जास्त उतरेल म्हणून, आणि दहा मिनिटांत दूध फुटलं. वहिनी म्हणाली "ताई, पनीर करताय का?" कच्च्या आल्यात एक एन्झाइम असतं ते दुधाची प्रथिनं तोडतं, पाण्यात आधी उकळलं की ते मरतं आणि मग काही त्रास नाही. गुळाचा चहा आवडणाऱ्यांनी पण जपून, गूळ उकळत्या दुधात टाकला तर तेच होणार, दूध पूर्ण गार झाल्यावर विरघळवलेला गूळ गाळून घाला.

काढा आणि दूध दोन्ही गार झाले की एकत्र, वेलची पूड, आणि साच्यात. साचे नसतील तर स्टीलची छोटी फुलपात्रं घ्या, स्टीलमध्ये प्लॅस्टिकपेक्षा लवकर गोठतं. वर फॉइल ताणून लावायची आणि मधोमध चीर देऊन काडी, म्हणजे काडी सरळ उभी राहते. काचेचे कटिंगचे ग्लास फोटोला लय भारी दिसतात पण नका वापरू, पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, आमचा एक ग्लास तडकला आणि मग त्या कुल्फीत काच असेल नसेल म्हणून ती फेकूनच दिली. काढताना पुस्तकी सल्ला असा की साचा क्षणभर कोमट पाण्यात धरा. अकोल्यात मे महिन्यात वरच्या टाकीचा नळ सोडला की पाणी आपोआप तसंच येतं, उलट जास्त वेळ धरलं तर कुल्फीचं परत दूध.

आणि लाईट. तिसऱ्या दिवशीची बॅच अगदी छान जमली होती आणि दुपारी अडीच तास लाईट गेली. अर्धवट विरघळून पुन्हा गोठली की बारीक कण वितळतात आणि परत जमताना मोठे खडे होतात, तोंडात वाळू चावल्यासारखं. खाल्ली सगळ्यांनी, पण माझ्याकडे बघून.

दूध न चालणाऱ्यांसाठी दुसरा प्रकार, आणि खरं सांगू तर मला हाच जास्त आवडला. कोरा चहा, लिंबू, आणि परसातली गवती चहाची पात. पहिल्यांदा कडक कोरा चहा उकळून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी गढूळ, पुराच्या पाण्यासारखा. खराब झालेला नसतो, चहातले तुरट घटक आणि कॅफीन गार झाल्यावर एकमेकांना चिकटतात म्हणून तसा दिसतो, पण पाहवत नाही. मग लांब पानाचा दार्जिलिंग दोन चमचे अर्धा लिटर साध्या पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्येच ठेवला, न उकळता, सकाळी गाळला तर काचेसारखा स्वच्छ आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच. गवती चहा मात्र थोड्या पाण्यात वेगळा उकळून, त्यातच 80-90 ग्रॅम साखर विरघळवून, गार करून मिसळला. एका लिंबाचा रस पिळला की रंग एकदम उजळतो, भाच्याला ही जादू तीनदा दाखवावी लागली. हे साच्यात नाही घालायचं, पसरट स्टीलच्या डब्यात ओतून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं, चार-पाच वेळा, की भुसभुशीत गोळ्यासारखं होतं. वर किंचित काळं मीठ. दुपारी चार वाजता, पडदे ओढून, कूलरच्या आवाजात. अहाहा!

एक चूक मात्र कबूल करते. गोठवल्याने कॅफीन कुठे जात नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि भाच्याने रात्री जेवणानंतर दोन कुल्फ्या हाणल्या. बाराला तो गच्चीवर गादीवरून कोलांट्या मारत होता. वहिनी काही बोलली नाही, फक्त तिने त्याला उचलून माझ्या गादीवर आणून सोडलं.

आणि हो, कुल्फीला वरून ग्लुकोज बिस्किटाचा चुरा लावायची आयडिया चांगली आहे पण खाताना लावा, आधी लावून ठेवला की गाळ होतो.

बाबांनी पाचव्या दिवशी शेवटी हात लावला. काडी धरून चोखणं त्यांना काही झेपलं नाही, त्यांनी कुल्फी बशीत आडवी ठेवली, पेपर वाचत बसले, आणि ती पुरती विरघळल्यावर बशी उचलून फुर्रर्र करून प्यायले. मग मिशी पुसत म्हणाले, "आलं कमी पडलंय."