नव्या वर्षाचे गोल्फ: शंभर यार्डांच्या आतले संकल्प

३१ डिसेंबर, नाशिक

उद्यापासून सुरू होणाऱ्या वर्षात गोल्फमध्ये काय साधायचे, ते आज लिहून ठेवते आहे. असा संकल्प करताना पहिला मोह आकड्याचा होतो, म्हणजे अमुक महिन्यापर्यंत स्कोअर इतका खाली आणायचा वगैरे. मला ते पटत नाही. वारा कोणत्या दिशेने वाहील, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध पडलेला चेंडू नेमका कोणत्या खड्ड्यात जाऊन बसेल, आणि पुढचा गट एकेका होलवर किती वेळ काढेल, यांतले काहीच आपल्या हातात नसते. म्हणून जे हातात आहे तेवढेच या पानावर लिहायचे ठरवले आहे.

१८ होल आणि पार ७२ (पार म्हणजे चेंडू भोकात घालायला अपेक्षित फटके) अशा मैदानाचा हिशेब साधा आहे. प्रत्येक होलच्या पारमध्ये ग्रीनवरचे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवरचे, दोन पट (चेंडू घरंगळत नेणारे फटके) गृहीत धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचे. निम्मा खेळ ज्या काठीने खेळायचा तिच्या सरावाला आपण शेवटची दहा मिनिटे देतो आणि बाकी सगळा वेळ ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, घेऊन उभे राहतो. याचे कारणही उघड आहे: ड्रायव्हर नीट बसला की आवाज सुरेख येतो आणि शेजारी उभी असलेली माणसे वळून बघतात, तर चार फुटांवरून पट पडला म्हणून कोणी मान वर करत नाही.

या बाबतीत मला भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचे टोकियो ऑलिम्पिक नेहमी आठवते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत तिला चौथा क्रमांक मिळाला आणि पदक एका फटक्याने हुकले. त्याच वर्षी तिला कोविड होऊन गेला होता, अंगातली ताकद कमी झाली होती, आणि जगातल्या लांब मारणाऱ्या खेळाडूंच्या तुलनेत तिचे ड्राइव्ह आखूड पडत होते. तरीही चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती चिपिंग (ग्रीनजवळून चेंडू हलकेच उचलून टाकणे) आणि पटिंगच्या बळावर. माझ्या वयाला आणि खांद्यांना झेपेल असा कित्ता हाच आहे. तेव्हा पहिला संकल्प असा, की सरावाचा निम्म्याहून अधिक वेळ भोकापासून शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांना द्यायचा आणि त्यातलाही मोठा वाटा पटरला.

त्यासाठी रोज मैदानावर जाण्याची गरज नाही. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच असतो. आमच्या घरातल्या फुलपात्राचे तोंड त्याहून अरुंद आहे. दिवाणखान्यात सतरंजी अंथरायची, टोकाला फुलपात्र आडवे ठेवायचे आणि सतरंजीच्या एका पट्ट्यावरून चेंडू सोडायचा. पटरचे तोंड केसभर जरी उघडे राहिले, तरी वीतभर अंतरातच चेंडू पट्टा सोडून शेजारच्या रंगावर जातो, आणि चूक मनगटाची की खांद्याची हे लगेच कळते. फुलपात्रात चेंडू पडू लागला की मैदानावरचे भोक परातीएवढे दिसते. सासूबाईंनी मात्र, “पाणी प्यायची भांडी तेवढी सोड गं,” असे बजावले आहे, त्यामुळे या कामासाठी एक जुने फुलपात्र वेगळे काढावे लागणार.

दुसरा संकल्प नाशिकच्या हवेशी निगडित आहे. इथे वर्षभर एकच खेळ खेळता येत नाही, हे मान्य करून ऋतूप्रमाणे खेळ बदलायचा. जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी होतो तेव्हा शहराबाहेरच्या मैदानावरही सकाळी बोटे आखडलेली असतात. थंड हवा दाट असते, चेंडूही गारठल्यामुळे कमी उसळतो, आणि सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) एरवी गाठता येणारे अंतर त्या वेळी गाठत नाही. अशा सकाळी मुकाट्याने सातऐवजी सहा नंबरचा, म्हणजे जास्त लांब मारणारा, क्लब (काठी) घ्यायचा, त्यात अभिमान आड येऊ द्यायचा नाही. दवाचा एक फायदा मात्र आहे. ओल्या ग्रीनवर पट मारला की चेंडूच्या मागे दव पुसले जाऊन गडद रेघ उमटते. तो कोणत्या दिशेने निघाला, कुठे वळायला लागला, वेग कुठे संपला, हे सगळे त्या रेघेत दिसते. इतका स्पष्ट आणि फुकटचा शिक्षक उन्हाळ्यात मिळत नाही, म्हणून या दोन महिन्यांत पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जाण्यापूर्वी ग्रीनवर वेळ काढायचा.

एप्रिल-मेमध्ये जमीन टणक होते आणि चेंडू घरंगळत लांब जातो. त्या अंतरावर भाळायचे नाही. पावसाळ्यात नेमके उलटे घडते, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो. फेअरवेवर किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) आपल्याच फटक्याने चेंडू जमिनीत रुतला, तर दंड न घेता तो काढून ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून खाली सोडता येतो. हा नियम ठाऊक असूनही बरेच जण चिखलात वेज (चेंडू उंच उडवायची काठी) आपटत बसतात. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, ही सवलत नाही. नियमांचे पुस्तक जूनपूर्वी एकदा शेवटपर्यंत वाचून काढायचे आहे. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून पाच मिनिटांऐवजी तीन मिनिटे झाली, तरी आमच्या गटात अजून जुनेच घड्याळ चालते.

तिसरा संकल्प स्कोअरकार्डाचा, आणि मला तोच सर्वांत अवघड वाटतो. दोन फुटांचा पट राहिला की मैत्रीण प्रेमाने म्हणते, “सोड, दिला तो!” मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत ठरते तेव्हा) प्रतिस्पर्ध्याने पट सोडणे नियमात बसते, पण स्ट्रोक प्लेमध्ये (सगळे फटके मोजतात तेव्हा) चेंडू भोकात जाईपर्यंत होल संपत नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत (हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात, आणि एखादे होल फारच बिघडले तर नेट डबल बोगीच्या (पार, अधिक दोन, अधिक त्या होलवरची सवलत) पुढचे फटके मोजत नाहीत. म्हणजे पार चारच्या होलवर एक फटका सवलत असेल तर जास्तीत जास्त सात. वाईट दिवसाची इतकी काळजी या पद्धतीनेच घेतली असताना सोडलेले पट आपल्या नावावर लावून घेण्याची गरज काय? प्रत्येक कार्डावर स्कोअरच्या शेजारी पटांची संख्याही लिहायची, आणि ग्रीनवर कॅडीदादा (आमची बॅग वाहणारे) “मॅडम, एकदा भोकाच्या पलीकडून बघा,” म्हणाले की खरोखरच पलीकडे जाऊन बघायचे. त्या ग्रीनचा उतार त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी अधिक पाहिला आहे.

पायांचे म्हणाल, तर १८ होल चालत खेळायचे म्हणजे सहज आठ-दहा किलोमीटर होतात, आणि शेवटच्या चार होलवर बिघडणारा स्विंग बहुधा थकलेल्या पायांचा असतो. त्यामुळे एरवीच्या दिवशी सकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सारे नाशिक गोल्फ क्लब म्हणते आणि तिथे रणजीचे सामने होतात. आमच्या खेळाच्या वाट्याला नाव तेवढे आले आहे.

राहता राहिली खरेदी. नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब चालतात आणि माझ्या बॅगेतल्या निम्म्यांना वर्षभर हात लागत नाही. नव्या ड्रायव्हरचा विषय दिवाळीपर्यंत घरात काढायचा नाही. दरम्यान पैसे खर्च करायचेच झाले, तर पटरची झिजलेली ग्रिप बदलून घ्यायची.