मानेतली गाठ, क्षयाचा संशय आणि किकुचीचे मार्कर

मानेत गाठ आणि काही आठवड्यांचा बारीक ताप घेऊन ठाण्यातल्या एखाद्या दवाखान्यात तरुण मुलगी आली, की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात आधी क्षय येतो. आपल्याकडे त्याचे प्रमाण पाहता यात गैर काहीच नाही. परंतु सुईने काढलेल्या नमुन्यात केवळ मृत पेशींचा कचरा दिसला, म्हणून सहा महिन्यांची औषधे सुरू करणे मला पॅथॉलॉजिस्ट म्हणून पटत नाही, कारण तोच कचरा किकुची-फुजिमोटो आजारातही दिसतो. जपानमध्ये १९७२ साली किकुची आणि फुजिमोटो यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला लसिकाग्रंथींचा हा आजार बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो.

किकुचीची अख्खी गाठ काढून तपासली, तर क्षयातले ग्रॅन्युलोमा (दाहक पेशींचे गोळे) तिच्यात नसतात आणि पेशी मेलेल्या असूनही न्यूट्रोफिल (संसर्गावर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ दिसत नाहीत. इथेच मार्करचे, म्हणजे रंग देऊन पेशीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचे (‘सीडी’ आणि आकडा अशी नावे त्यांचीच), काम सुरू होते. मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम मुख्यतः न्यूट्रोफिल आणि त्यांच्या पूर्वज पेशींचे मानले जाते. किकुचीत मात्र सीडी६८ दाखवणाऱ्या हिस्टिओसाइट, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशीच, त्याचा रंग घेतात. म्हणजे ज्या भागात न्यूट्रोफिल नाहीत, तिथेच हा मार्कर पॉझिटिव्ह येतो, आणि माझ्या मते या निदानातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. त्यांच्या जोडीला सीडी१२३ने उठून दिसणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींचे (प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पेशींचे) पुंजके असतात, आणि प्रतिकारशक्तीच्याच टी पेशींमध्ये सीडी४पेक्षा सीडी८चे पारडे जड असते.

खरी भीती लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची. सुरुवातीच्या अवस्थेत मोठ्या, झपाट्याने विभागणाऱ्या इम्युनोब्लास्ट पेशी इतक्या असतात, की केआय-६७चा, म्हणजे विभागणाऱ्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडा पाहून कोणीही दचकावे. त्यांतल्या काही सीडी३० हा काही लिम्फोमांत दिसणारा मार्करही दाखवतात. अशा वेळी तो एकच आकडा रिपोर्टच्या वर ठळक छापला, तर रुग्ण थेट केमोथेरपीच्या वाटेला लागू शकतो. म्हणून कोणता मार्कर पॉझिटिव्ह आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या पेशीवर आणि गाठीच्या कोणत्या भागात आहे, तेही पाहावे लागते. (भलेमोठे पॅनेल मागवून रुग्णाचा खिसा रिकामा करण्याच्या सवयीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, आधी साधी स्लाइड नीट पाहावी, मग नेमके प्रश्न विचारावेत.)

ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या) गाठीपुढे मात्र हे सगळे मार्कर तोकडे पडतात, कारण तिचे चित्र जवळजवळ हेच असू शकते. प्लाझ्मा पेशी भरपूर असणे किंवा हिमॅटॉक्सिलिन बॉडी (मृत पेशींच्या केंद्रकांचे निळसर गोळे) सापडणे ल्युपसकडे बोट दाखवते, पण त्या नसल्या म्हणून ल्युपस नाहीच, असे म्हणता येत नाही. म्हणूनच किकुचीचा रिपोर्ट देताना मी त्याखाली एएनए या ल्युपससाठीच्या रक्ततपासणीचा सल्ला लिहितो, आणि ती निगेटिव्ह आली तरी रुग्णाने पुढे नियमित दाखवत राहावे, हेही त्यात नमूद करतो, कारण काही रुग्णांमध्ये ल्युपस नंतर उघड होतो.