ईना मीना डीका आणि ऑर्लेमचे अंकल

मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवत असेन, ते पण करते, पण माझं निम्म्याहून जास्त काम स्ट्रोक झालेल्या वयस्कर माणसांसोबत असतं. ज्यांची वाचा गेलीये, ज्यांना गिळायला त्रास होतो, ते सगळे आमच्याकडे येतात. पेशंटची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही, पण तो दिवस लिहून ठेवायचाच आहे.

मालाडच्या ऑर्लेममध्ये एक अंकल होते, मूळ गोव्याचे, सगळी उमर शिपवर काढलेली, वय 78. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात-पाय गेला आणि बोलणं पूर्ण बंद. समोरच्याचं कळायचं, पण बोलायला गेलं की फक्त "ते ते ते". याला ब्रोकाज अ‍ॅफेझिया म्हणतात. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे असाच एक माणूस होता ज्याला "तां" एवढाच एक आवाज काढता यायचा, त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डावीकडची जखम सापडली, तिथून हे शास्त्र सुरू झालं. अंकलचं "ते ते ते" ऐकताना मला दरवेळी तोच माणूस आठवायचा.

गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवायची एक पद्धत आहे, 1973 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मांडलेली. पेशंटचा डावा हात आपण धरायचा, एकेका अक्षराला टेबलावर हलकेच आपटायचा, आणि छोटं वाक्य दोनच सुरांत गायचं, एक वरचा एक खालचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग सोबत गायचं, मग हळूच आपण थांबायचं. मी तीन आठवडे तेच करत होते. फाइलवर भाषा लिहिली होती इंग्लिश आणि हिंदी, म्हणून "आय वॉन्ट वॉटर", "पानी चाहिए". आंटींना विचारून जिम रीव्ह्ज हा जुना अमेरिकन गायक लावून झाला, चर्चमधली गाणी लावून झाली. अंकल डोळे मिटून गुणगुणायचे, शब्द मात्र एकही नाही.

आणि दुसरीकडे ते पाण्याचं भांडण. पातळ पाणी प्यायले की ठसका लागायचा, पाणी श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून पावडर घालून पाणी घट्ट करून द्यायचं असं मीच सांगितलं होतं. ते पाणी कुणालाच आवडत नाही, तोंडात पेजेसारखं बसतं आणि तहान भागल्यासारखी वाटतच नाही. अंकल ग्लास बघितला की तोंड फिरवायचे, कधी डाव्या हाताने ढकलून द्यायचे आणि आंटी रडायच्या.

तर तो गुरुवार होता. आंटी स्टीलच्या ग्लासात पावडर ढवळत होत्या, चमचा कडेला आपटून टिकटिक टिकटिक, गुठळ्या होऊ नयेत म्हणून भरभर ढवळावं लागतं. आणि मला दिसलं की अंकलची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर त्याच तालात चाललीयेत. मी काही ठरवून केलं नाही, त्या तालावर माझ्या तोंडून आपोआप "ईना मीना डीका" निघालं, कारण आमच्या बाबांनी आम्हा दोघी बहिणींना लहानपणी दर रविवारी हेच गाणं म्हणत न्हाऊ घातलंय, त्या तालाला दुसरं काही माझ्या डोक्यात येऊच शकत नाही.

अंकलने डोळे उघडले आणि पुढचं सगळं म्हटलं. सगळं! तीन आठवडे "ते ते ते" करणारा माणूस ते सगळे तिरपागडे शब्द एकामागून एक, खणखणीत, तालात म्हणत होता, आणि चमचा कधीच थांबला होता.

इथे एक सांगायला पाहिजे. मी त्या क्षणी आनंदाने उडी मारली नाही. गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं नसतं. आकडे, वार, प्रार्थना, शिव्या, पाठ असलेली गाणी, हे सगळं बऱ्याच पेशंटना येतं, ते वेगळ्या वाटेने बाहेर पडतं, आणि घरचे मात्र आशेने वेडे होतात, मग महिनाभराने मलाच त्यांना सावरावं लागतं. शिवाय या गाण्यात तर अर्थच नाही, त्यामुळे मेंदूला शब्द शोधावाच लागत नाही. हे सगळं मी आंटींना समजावणार होते, तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात आंटींनी सवयीने ग्लास पुढे केला. अंकलने ग्लासाकडे बघितलं, आंटींकडे बघितलं आणि म्हणाले, "माका नाका."

सुरात नाही, तालात नाही, साधं बोलल्यासारखं, थोडं चिडून.

आंटी आधी त्यांच्यावर ओरडल्याच कोकणीत, प्यावं तर लागेलच म्हणून, इतकी वर्षं संसार केलेली बाई, उत्तर तयारच असतं, आणि मग अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या हातावर काटा आलेला.

माका नाका म्हणजे मला नको. माझी आजी वेंगुर्ल्याची, ती माका-तुकाच बोलायची, म्हणजे हा शब्द माझ्या घरातला, आणि तरी चाळीस वर्षं मी हे गाणं निरर्थक म्हणून गात आले! घरी येऊन बाबांना फोन केला तर त्यांना सगळं माहीत होतं. 1957 चा 'आशा' सिनेमा, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे रामचंद्र चितळकर, सगळ्यांचे अण्णा. असं सांगतात की खिडकीबाहेर मुलं खेळताना राज्य कुणावर ते ठरवायला 'ईनी मीनी मायनी मो' म्हणत होती, आपलं 'अडम तडम तडतड बाजा' असतं ना तसं, त्यावरून अण्णांना सुचलं आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'माका नाका' घातलं. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे केवढे वादक होते, अण्णांसोबत ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हळदोण्याचे. किशोरकुमारने ते गायलं, आशाबाईंनी पण गायलं, आणि अख्ख्या देशाने कोकणी वाक्य न कळता तोंडपाठ केलं. ज्यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो'ला चाल दिली त्याच माणसाचं हे गाणं, आणि याला कुणी थिल्लर म्हटलं की आता मला राग येतो.

पण 1957 मध्ये जो गोव्याचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा हे रेडिओवर ऐकत असेल, त्याला ते निरर्थक कुठे होतं? त्याच्यासाठी त्या सगळ्या गमतीच्या शब्दांमध्ये एक शब्द घरचा होता. गाण्याच्या वाटेने तो शब्द तोंडापर्यंत आला आणि समोर ग्लास होता. निदान मला तरी ते असंच झालेलं दिसतं.

फाइलवर कोकणी लिहिलेलं नव्हतं आणि मी नीट विचारलं नव्हतं. आंटी माझ्याशी हिंदीत बोलायच्या, मुलगा इंग्लिशमध्ये, आणि लहानपणापासून अंकल ज्या भाषेत भूक लागली म्हणून सांगत आले ती मी तीन आठवडे बाहेर ठेवली होती. याचं वाईट वाटतं, अजूनही. तेव्हापासून प्रत्येक नवीन पेशंटच्या घरी माझा पहिला प्रश्न असतो, लहानपणी आईशी कुठल्या भाषेत बोलायचे.

त्याच दुपारी मी सगळं बदललं. आंटींना शेजारी बसवलं, कोकणी त्यांची आणि सूर माझे. नाका येतंय तर जाय शिकवू, माका जाय म्हणजे मला पाहिजे. अंकलचा डावा हात धरून, मा-का जाय, वर-खाली-खाली. पहिले दोन दिवस सगळ्यालाच नाका! उशी नाका, टीव्ही नाका, मी पण नाका. मग एकदा फॅनकडे बोट दाखवून "माका जाय" आलं.

बाराव्या दिवशी मी चपला काढत होते तर आतून आवाज आला, तुटक, मध्ये लांब थांबून, "माका... उदोक... जाय." उदोक म्हणजे पाणी. आंटी घट्ट पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या आणि ते मान हलवत होते, हे नाही, उदोक.

गिळण्याची तपासणी तशीही त्या आठवड्यात परत करायची होती. डॉक्टरांना फोन करून विचारलं, अंकलचं तोंड ब्रशने नीट साफ केलं, सरळ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि साधं पाणी अर्धा चमचा दिलं. गळ्यावर बोटं ठेवून थांबले. गिळलं. ठसका नाही. परत अर्धा चमचा. परत नाही. आंटी दाराला टेकून हळू आवाजात ईना मीना म्हणत होत्या, आणि अंकलने तोंड उघडं ठेवून चमच्याकडे बघितलं.