भुई घुमल्यावानी

“बाबा, रात्री भुई घुमल्यावानी झालं. मी उठून अंगणात जाऊन बसले.”

सकाळी खालच्या मावशी जिन्यात हे म्हणाल्या आणि माझ्या पोटात धस्स झालं. घुमला होता तो माझा सबवूफर, म्हणजे खोल, धमधमणाऱ्या आवाजाचा स्पीकरचा डबा.

याचं तोंड खाली, जमिनीकडे असतं. गालिच्यात त्याचे पाय रुतून खालची फट कमी झाली होती, म्हणून काल तो उचलून थेट टाईल्सवर ठेवला. आवाज मोकळा झाला, मी खूश!

गावाकडं शहाबादी फरशीखाली मुरूम होता, ती कधी हलली नाही. इथं लातूरला मी पहिल्या मजल्यावर. माझ्या टाईल्सखाली स्लॅब, म्हणजे मावशींचं छत. 40 हर्ट्झच्या खोल आवाजाची लाट साडेआठ मीटर लांब असते, भिंती तिला काय अडवणार? त्यात पायांतून जाणारा हादरा वेगळाच.

मावशी किल्लारीकडच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात आधी आवाजच आला होता, त्या नेहमी सांगतात.

संध्याकाळी त्यांना सगळं खरं सांगितलं. मग जाड रबराचे तुकडे, त्यावर कडप्पा, त्यावर डबा ठेवून आवाजही निम्मा केला. खाली जाऊन विचारलं, “आता?” मावशी तळहात भिंतीला लावून उभ्या होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “आता न्हाई. पण रात्री नको लावू बरं का.”

दहानंतर बंदच ठेवणार आहे.

तुमच्या फरशीखाली कोण राहतं?